एकच गाणं, सहा तबकड्या

«ताई,
मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त सहकुटुंब लीड्सला असतो. इथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक रॉक बँडचं 'प्रिटी व्हेकंट' हाताला लागलं आणि तेव्हापासून १९७६ ते ७९ मधल्या पंक सिंगल्सचा, म्हणजे एका बाजूला एकेक गाणं असलेल्या सात इंची तबकड्यांचा, नाद लागला. नुसती गाणी जमवत नाही, एकाच सिंगलची वेगवेगळी प्रेसिंग्ज, म्हणजे वेगवेगळ्या वेळी दाबून काढलेल्या आवृत्त्या, जमवतो. आज घरात 'ॲनार्की इन द यूके'च्या सहा प्रती आहेत. परवा बायकोने विचारलं, "गाणं एकच आहे ना? मग सहा कशाला?" मला उत्तर देता आलं नाही आणि तेच जास्त लागलं.
त्यात रेकॉर्ड फेअरमध्ये ओळख झालेला एक विक्रेता 'गॉड सेव्ह द क्वीन'ची ए अँड एम कंपनीची प्रत बाराशे पौंडांना देतोय. म्हणतो, घरातलीच आहे, कागदपत्रं नाहीत, शनिवारपर्यंत कळव. पुढच्या वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परतणार आहोत, त्यासाठी बाजूला टाकलेल्या पैशांतूनच हे द्यावे लागतील. घेऊ का? आणि हा सगळा संग्रह पुण्याच्या पावसाळ्यात टिकेल का?
— एक संग्राहक, लीड्स»

शनिवार जवळ आलाय म्हणून आधी त्याचंच सांगते. घेऊ नका.

ही तबकडी इतकी दुर्मीळ का, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण किंमत समजायची तर ती गोष्ट पुन्हा डोळ्यांसमोर आणायला हवी. १० मार्च १९७७ ला बकिंगहॅम पॅलेससमोर टेबल मांडून, फोटोग्राफर बोलावून सेक्स पिस्टल्सनी ए अँड एमशी करार केला. आठवडाही धड झाला नाही, तोच कंपनीने करार मोडला. तोवर सिंगल दाबून तयार होतं, साधारण पंचवीस हजार प्रती झाल्या होत्या असं सांगतात. त्या जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या गेल्या. ज्या मोजक्या वाचल्या, त्यांना लिलावात पाच आकडी पौंड मिळाले आहेत. आता तुम्हीच विचार करा. ज्याच्या घरात खरी प्रत आहे, तो ती लिलाववाल्यांकडे न नेता एका फेअरमध्ये भेटलेल्या माणसाला बाराशेत का देईल? आणि शनिवारची घाई कशाला? या सिंगलच्या नकला कितीतरी वर्षं बाजारात फिरताहेत, आणि नकली माल विकणाऱ्याला गिऱ्हाइकाने विचार केलेला परवडत नाही.

तरी मनात चुटपुट राहू नये म्हणून त्याच्याकडे फोटो मागा: दोन्ही लेबलांचे आणि दोन्ही बाजूंच्या रन-आउटचे, म्हणजे गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते तिचे. लेबलावरचा क्रमांक एएमएस ७२८४ हवा. मागच्या बाजूला 'नो फीलिंग्ज' हे गाणं हवं. पुढे मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने हेच सिंगल काढलं तेव्हा मागे 'डिड यू नो राँग' होतं. आणि राणीच्या डोळ्यांवर-तोंडावर कापलेल्या अक्षरांच्या पट्ट्या असलेलं चित्रकार जेमी रीडचं ते निळं-चंदेरी कव्हर व्हर्जिनचं आहे, ए अँड एमच्या प्रतीला चित्राचं कव्हर नव्हतंच. त्या कव्हरात घालून 'ए अँड एम' कुणी दाखवली, तर तिथेच थांबायचं. पण हे सगळं जुळलं तरीही नकला करणारे हेच तपशील आधी जुळवतात, तेव्हा लिलावगृहाच्या किंवा जाणत्या व्यापाऱ्याच्या लेखी खात्रीशिवाय एवढी रक्कम देऊ नये. शिवाय ते पैसे तुम्हा दोघांच्या परतीचे आहेत. दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय त्यांतला एक पौंडही या कामाला लावायचा नाही, हे मला विचारण्यापूर्वी तुम्हालाही माहीत होतं असं वाटतं.

आता तुमच्या बायकोचा प्रश्न. तो मला फार मोलाचा वाटतो, आणि तो टोमणा म्हणून घेऊ नका. "सहा कशाला?" याचं उत्तर प्रत्येक प्रतीसाठी वेगळं देता आलं पाहिजे. या तबकडीत आधीच्या तबकडीपेक्षा काय बदललं आणि ते का बदललं, हे दोन वाक्यांत सांगता आलं तर ती प्रत घरात शोभते. नाही आलं, तर ती कपाटातली दुबार वस्तू आहे. पंक सिंगल्सना ही कसोटी लावण्यात मजा यासाठी आहे, की इथे बदल सहसा कारखान्याच्या सोयीने झालेले नाहीत. भांडणं, वकिलांच्या नोटिसा, उसने पैसे, बँड सोडून गेलेली माणसं, या सगळ्यांच्या खुणा त्या सात इंचांवर उमटलेल्या आहेत.

तुमच्या 'ॲनार्की'पासूनच बघू. ईएमआय २५६६, नोव्हेंबर १९७६ ची अखेर. सुरुवातीच्या प्रती निव्वळ काळ्या कव्हरात आल्या, वर ना बँडचं नाव ना चित्र. नंतरच्या प्रती कंपनीच्या नेहमीच्या कव्हरात. पण काळं कव्हर कुणीही कुठल्याही प्रतीवर चढवू शकतं, म्हणून नजर लेबलावर ठेवा. पहिल्या प्रतींवर दोन्ही बाजूंना निर्माता म्हणून ख्रिस थॉमसचं नाव आहे. खरं म्हणजे मागच्या बाजूचं 'आय वॉना बी मी' डेव्ह गुडमनने केलं होतं. बँडबरोबर आधीपासून राबलेला माणूस तो. त्याने केलेलं 'ॲनार्की' कंपनीने नाकारलं, थॉमसकडून नव्याने करून घेतलं, आणि वर मागच्या बाजूचं श्रेयसुद्धा लेबलावर दुसऱ्याच्या नावे पडलं. पुढच्या प्रतींवर ती चूक सुधारून गुडमनचं नाव आलं. म्हणजे इथे दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या, की एका माणसाला त्याच्या कामाचं श्रेय परत मिळालेलं आपल्याला दिसतं. या दोन प्रती ठेवायलाच हव्यात.

मग १ डिसेंबर आला. थेम्स टेलिव्हिजनच्या 'टुडे' कार्यक्रमात ईएमआयचाच क्वीन बँड यायचा होता. तो येणार नाही म्हटल्यावर त्याच्या जागी पिस्टल्सना पाठवलं. (क्वीन म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा बँड. पंकच्या इतिहासाला पाचगणीचा हा एवढा धागा आहे आणि मला तो फार आवडतो.) निवेदक बिल ग्रंडीने डिवचलं, पोरांनी थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं पेटली. ईएमआयच्या हेजच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या कामगारांनी हे सिंगल हाताळायला नकार दिला. जानेवारीत कंपनीने बँडला काढलं आणि सिंगलही मागे घेतलं. त्यानंतर फ्रान्समध्ये बार्कले कंपनीने काढलेलं 'ॲनार्की' मिळायचं. तीही ठेवण्यासारखी प्रत, कारण स्वतःच्या देशात बंद झालेलं गाणं शेजारच्या देशातून विकलं गेलं, हे ती सांगते.

झाल्या तीन. तुमच्याकडे सहा आहेत. उरलेल्या तिघी याच तिघींच्या जुळ्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. ते पडताळायचं कसं, तेही सांगते, कारण हे काम मला स्वतःला अतिशय प्रिय आहे.

रात्री टेबलावरचा दिवा तिरका करा आणि तबकडी अशी धरा, की लेबल सरळ वाचता येईल. आता रन-आउटच्या पट्टीवर प्रकाश खेळवत डोळे बारीक करून पाहा. खालच्या बाजूला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या साच्याचा ओळख क्रमांक, ठळक दिसेल. तो सगळ्यांच्या नजरेला पडतो. पण हेजला दाबलेल्या ईएमआयच्या तबकड्यांवर आणखी दोन बारीक खुणा असतात. घड्याळात नऊ असतात त्या जागी एक आकडा, आणि तीन असतात त्या जागी एक-दोन रोमन अक्षरं. काही वेळा ती इतकी पुसट असतात, की तबकडी थोडी फिरवल्यावर क्षणभर चमकतात आणि पुन्हा गायब होतात.

त्यांचा अर्थ असा. गाणं आधी लॅकरच्या मऊ तबकडीवर कापतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्यावरून पुन्हा सुलटा, त्याला मदर म्हणतात. मदरवरून पुन्हा उलटे साचे काढतात, ते स्टँपर. प्रेसमध्ये तापलेल्या व्हिनायलवर दाबला जातो तो स्टँपर, आणि दाबून दाबून झिजला की बदलावा लागतो. नऊच्या जागचा आकडा मदरचा, तीनच्या जागची अक्षरं स्टँपरची. अक्षरं म्हणजेसुद्धा आकडेच आहेत: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी शून्य. ग्रामोफोन लिमिटेड या नावाच्या 'Gramoph Ltd' या संक्षेपातली अक्षरं, त्याच क्रमाने. तेव्हा 'जी' आणि 'ए' शेजारी दिसले तर तो तेरावा स्टँपर. आकडा लहान, तर तबकडी बहुधा आधीची.

याने तुमच्या सहा जणींची क्रमवारी तुम्हालाच लावता येईल. मात्र एक कळकळीची विनंती. स्टँपरचा आकडा वेगळा आहे एवढ्यासाठी कधीही प्रत विकत घेऊ नका. त्या वाटेला अंत नाही आणि तिथे सांगण्यासारखी गोष्टही नाही. तो आकडा असलेली प्रत ओळखण्यासाठी आहे. आणि हा संकेत ईएमआयच्या कारखान्याचा. दुसऱ्या कारखान्यांत दाबलेल्या प्रतींवर तो शोधत बसलात, तर उगाच डोळे शिणतील. तिथे कटिंग करणाऱ्याने हाताने कोरलेली सही किंवा ओळ मिळते का बघा. जॉर्ज पेकहॅमचं 'अ पोर्की प्राइम कट' त्या काळच्या कितीतरी इंग्लिश तबकड्यांवर सापडतं. नकली प्रतीत नेमकं इथेच बिंग फुटतं: हस्ताक्षर वेगळं, किंवा मुळात कोरलेलं तिथे काहीच नाही. कव्हरही भिंगाखाली धरा. मूळ छपाईत ठसठशीत असलेली बारीक अक्षरं नकलेत कडेला फुटलेली, ठिपक्याठिपक्यांची दिसतात, कारण ते छापील कव्हरावरून पुन्हा काढलेलं चित्र असतं.

याच कसोटीवर बाकीचं झरझर बघू. पिस्टल्सचंच 'हॉलिडेज इन द सन', ऑक्टोबर १९७७. कव्हरावरचं चित्रकथेसारखं चित्र एका बेल्जियन पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातून उचललेलं होतं. त्यांनी हक्क सांगितला, कव्हर मागे घ्यावं लागलं, पुढच्या प्रती कोऱ्या पांढऱ्या कव्हरात आल्या. चित्राची एक आणि कोरी एक, दोन्ही ठेवा. कोरी प्रत लोक स्वस्तात टाकून देतात, पण तिच्याशिवाय पहिलीची गोष्ट अर्धी राहते. उलट क्लॅश या बँडचं 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले' चार रंगांच्या कव्हरांत निघालं: निळं, हिरवं, पिवळं, गुलाबी. गाणं माझ्या मते त्यांच्या सगळ्या सिंगल्समध्ये श्रेष्ठ. पण ते चार रंग कंपनीने मुद्दाम काढलेले. ज्याला जो रंग आवडेल त्याने तो एक घ्यावा आणि गाणं ऐकावं. रेकॉर्ड स्टोअर डेला, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांच्या वार्षिक दिवशी, निघणाऱ्या रंगीत, 'मर्यादित' पुनर्आवृत्त्यांबद्दलही माझं मत हेच आहे. ऐकायला घ्या, पण संग्रह म्हणून त्यांच्यावर पैसे ओतू नका.

तुमच्या पत्रात मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडचं नावही नाही, याचं मात्र मला वाईट वाटलं. लीड्सहून मँचेस्टर तासाभरावर. त्या गावाने पंक सिंगलचा जो नमुना घालून दिला, तो तुमच्या संग्रहाच्या मध्यभागी हवा. 'स्पायरल स्क्रॅच', चार गाण्यांचं ईपी, २८ डिसेंबर १९७६ ला रेकॉर्ड झालं आणि जानेवारी १९७७ अखेर बाजारात आलं. कंपनी कुठलीच नव्हती. घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, लेबलाला न्यू हॉर्मोन्स असं नाव दिलं, क्रमांक ओआरजी १. निर्माता मार्टिन हॅनेट, लेबलावर मार्टिन झीरो. कव्हरावरचा फोटो मॅनेजर रिचर्ड बूनने मँचेस्टरच्या पिकॅडिली गार्डन्समध्ये पोलरॉइडवर काढलेला. आणि मागच्या बाजूला प्रत्येक गाण्यापुढे लिहिलंय, हा कितवा टेक, म्हणजे कितव्या प्रयत्नातलं ध्वनिमुद्रण, त्यावर नंतर काही वाजवून चढवलं की नाही. एवढं उघड कुणी सांगत नसे. रेकॉर्ड म्हणजे बड्या स्टुडिओतली गूढ करामत, या समजालाच त्या चार ओळींनी सुरुंग लावला.

पहिल्या हजार प्रती काढल्या. त्या खपल्या म्हणून आणखी काढल्या, असं करत सोळा हजारांच्या घरात गेले. त्यादरम्यान गायक हॉवर्ड डेव्होटो बँड सोडून गेला, पीट शेली पुढे आला. १९७९ मध्ये ईपी पुन्हा निघालं तेव्हा कव्हरावर बँडच्या नावाबरोबर 'विथ हॉवर्ड डेव्होटो' असे शब्द आले. १९७७ च्या कव्हरावर ते शब्द नाहीत, कारण तेव्हा तो पाहुणा नव्हता, बँडच त्याचा होता. दोन कव्हरं जवळ ठेवली, की मधली दोन वर्षं डोळ्यांपुढे उभी राहतात. यातली १९७९ ची प्रत आवाक्यातली आहे. १९७७ ची महाग, पण तुमच्या त्या बाराशे पौंडांच्या जवळपासही नाही, आणि तिच्या मागे मी आनंदाने तुम्हाला लावेन. हिच्याही नकला आहेत, तेव्हा फोटो मागण्याचा नियम इथेही लागू. २०१७ मध्ये डोमिनोने चाळीस वर्षांनिमित्त केलेली पुनर्आवृत्ती रोज वाजवायला घ्या आणि जुनीला सुईपासून वाचवा.

दुसरी अशी जोडी अंडरटोन्स या बँडच्या 'टीनेज किक्स'ची. पोरं उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची, सिंगल काढलं बेलफास्टच्या टेरी हूलीने त्याच्या गुड व्हायब्रेशन्स या लेबलावर, १९७८ मध्ये. कव्हर म्हणजे एक मोठा कागद, घड्या घालून तबकडीभोवती गुंडाळलेला. निवेदक जॉन पीलने बीबीसीवर ते लागोपाठ दोनदा वाजवलं, अमेरिकेच्या सायर कंपनीने बँडला करारात घेतलं आणि लगेच ऑक्टोबरमध्ये तेच गाणं सायरच्या लेबलावर आलं. घडीचा कागद आणि सायरची प्रत यांच्यात जेमतेम काही आठवड्यांचं अंतर आहे. तेवढ्यात त्या पोरांचं आयुष्य बदललं.

तेव्हा माझा सल्ला असा, की एक वही करा. प्रत्येक प्रतीला दोन ओळी: काय बदललं, का बदललं. ज्या प्रतीला ओळी सुचणार नाहीत ती विकायला काढा. 'ॲनार्की'च्या जादा तीन प्रती आणि 'गॉड सेव्ह द क्वीन'च्या दुबार असतील तर त्या, यांतून 'स्पायरल स्क्रॅच'चा मोठा हिस्सा निघावा. परतीच्या पैशांना हात लागणार नाही. विकताना दर्जा प्रामाणिक लिहा, वाजवून बघून लिहा, कागदी कव्हराची दुमडलेली कड आणि लेबलावरचं पेनाने लिहिलेलं नावसुद्धा लपवू नका. आणि त्या वहीचं पहिलं वाचन बायकोपुढे करा. गुडमनची गोष्ट सांगून दोन लेबलं तिच्या हातात द्या. तिला हा छंद लागेल असं मी म्हणत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. पण तिच्या प्रश्नाला तुम्ही मनापासून उत्तर दिलंत, हे तिला कळेल. कपाटाचा कुठला कप्पा तुमचा आणि महिन्याला किती खर्च चालेल, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

राहिला पावसाळा. व्हिनायल आपल्याकडे चांगलं टिकतं. धोका आहे तो कागदाला. जुलै-ऑगस्टमध्ये कव्हरांवर आणि आतल्या कागदी पाकिटांवर बुरशी धरते, आणि तीच पुढे खोबणीत उतरते. म्हणून निघण्यापूर्वी जुनी आतली पाकिटं वेगळी काढून प्रत्येक तबकडी पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या नव्या पाकिटात घाला. पीव्हीसीची मऊ, चिकट वाटणारी पाकिटं टाळा, ती वर्षानुवर्षांत तबकडीवर धुरकट डाग पाडतात. बाहेरचं पाकीट वरून उघडं ठेवा, आत ओल कोंडायला नको. तबकड्या उभ्याच ठेवायच्या, आडव्या थप्पीत नाही. विमानात शक्य तेवढ्या हातातल्या सामानात आणा. जहाजाने पाठवणार असाल तर तबकडी कव्हराबाहेर काढून, दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत शेजारी ठेवून बांधा. नाहीतर प्रवासात तबकडीची कड कव्हर फाडते.

पुण्यातल्या घरात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, न्हाणीघराच्या भिंतीचं तर मुळीच नको. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असू दे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून बदला. उघडीप मिळाली की कपाट उघडून वारं लागू द्या, पण तबकड्या उन्हात ठेवू नका, पुण्याच्या एप्रिलातल्या खिडकीत त्या वाकतात. पुसायला कार्बन फायबरचा ब्रश, फारच मळली असेल तर डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून. आणि गुड व्हायब्रेशन्सचं ते घडीचं कव्हर मिळालंच, तर त्याची घडी सारखी उघडू-मिटू नका. दाखवायला एक रंगीत झेरॉक्स काढून ठेवा. मूळ कागद तबकडीपासून वेगळा, सपाट फाइलमध्ये ठेवा.